सत्तरावर थांबलेला बर्फ

३ फेब्रुवारी

महोदया,

आपलं पत्र पोचलं. तीन वर्षांतलं पहिलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि म्हटलं, कोणी गेलं की काय. मग आठवलं, आपल्या घरात कोणी गेल्याची बातमी मी तुम्हाला देते, तुम्ही मला नाही. उघडून पाहिलं तर काम निघालेलं.

"ताई, आता सगळं तुझ्यावर आहे." वाचून हसू आलं हो. ताई! हा शब्द लिहिताना पेन अडलं नाही का? मागच्या वेळी आपण माझी आठवण काढलीत ती त्या गाजलेल्या लेखाच्या शेवटच्या ओळीत, "तांत्रिक मदतीबद्दल आभार" म्हणून. त्या यादीत हेलियम पुरवणाऱ्या कंपनीचा नंबर माझ्या आधी होता.

साहेबांनी काल खोलीत बोलावलं. साहेब तेच आहेत, केस गेले आणि खुर्ची मोठी आली इतकंच. म्हणाले, धूमकेतूकडे जाणाऱ्या यानावर धाकट्या बहिणीचं, म्हणजे तुझं, यंत्र बसवायचं की नाही हे ठरवणारी समिती अडून बसली आहे. तू म्हणतेस, अवकाशातल्या बर्फावर किरणांचा मारा झाला की त्यात साखरेच्या नात्यातला एक रेणू आपसूक तयार होतो, आणि तुझं यंत्र तोच हुंगायला जाणार. पण तो रेणू आजवर एकदाच दिसलाय, आपल्या प्रयोगशाळेच्या तळघरातल्या निर्वात हंड्यात. नंतर तीन ठिकाणच्या लोकांनी तुझ्या लेखाबरहुकूम सगळं करून पाहिलं आणि तिघांच्या हाती भोपळा आला. तेव्हा समितीचं म्हणणं असं की मूळ हंड्यात, मूळ हातांनी, मे संपायच्या आत पुन्हा करून दाखवा. नाहीतर यंत्र रद्द, आणि लेखही मागे घ्या.

मूळ हात म्हणे. इतकी वर्षं या हातांची कोणाला याद नव्हती.

बघ, अहो-जाहो करायचं म्हणून बसले आणि मध्येच घसरले. लहानपणी तुझं नाक पुसलंय मी, 'महोदया' किती वेळ टिकणार?

मी हो म्हटलंय. तुझ्यासाठी नाही. मला बघायचंय. आणि तो रेणू खोटा निघाला तर मला बरं वाटेल, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पाठीत सुरा खुपसला असं नंतर म्हणायला नको. समोरून सांगून मारतेय.

फोन करू नकोस. फोनवर अर्ध्यात कापायची तुला सवय आहे. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, ते खुशाल फाड.

आभारांच्या यादीत हेलियमच्या खालची,
ताई


२० फेब्रुवारी

टिकले,

पहिला प्रयोग झाला. काही नाही. आलेखावर जिथे तुझ्या रेणूचा सुळका यायला हवा तिथे रेघ आडवी, झोपलेली.

हंडा तसाच आहे. बाजूच्या खिडकीचा नट अजून अर्धा फेरा जास्त आवळावा लागतो. आधी नेहमीप्रमाणे भाजून घेतला, तापपट्ट्या गुंडाळून, वर चंदेरी कागद लावून. आतलं चिकटलेलं पाणी निघून जाईपर्यंत तळघरात तोच तो वास, तापलेल्या धुळीचा. नवीन आलेल्या दोघी मला विचारतात, "मॅडम, हा कागद स्वयंपाकघरातलाच का?" म्हटलं हो, आणि कापायची कात्रीही तिथलीच आहे, परत घरी न्यायची आहे.

तुझं पत्र बाबांच्या हाती लागलं. त्यांना तू आठवतेस, काळजी नको. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्यात ओरडावं लागतं, पण डोकं शाबूत आहे आणि जीभ तर विचारूच नकोस. "टिकलीचं आहे ना?" म्हणाले. खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकलीवरून त्यांनीच ठेवलेलं नाव, एवढीशी पण चट्कन उडणारी, तेव्हा ते विसरणार कसे? मग विचारलं, "तुम्ही दोघी त्या तळघरात नक्की करता काय गं? इतकी वर्षं विचारायचं राहिलं."

मी त्यांच्या उजव्या कानात ओरडून समजावलं. पाणी, मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडची वाफ एका सोन्याचा मुलामा दिलेल्या चकतीवर गोठवायची. थंडी इतकी की त्याखाली आणखी दहाच अंश उरतात, मग खाली जायला जागाच नाही. तसा बर्फ ताऱ्यांमधल्या धुळीवर असतो, धूमकेतूत असतो. तिथे त्याला लाखो वर्षं किरणांचा मार बसतो, इथे आपण इलेक्ट्रॉनचा झोत सोडून सहा दिवसांत तेवढा आटोपतो. मग हळूहळू ऊब द्यायची आणि बर्फ काय ओकतो ते बघायचं.

"पोलिसांसारखं," बाबा म्हणाले.

अगदी तसंच. मग मी म्हटलं, मार बसला की रेणू तुटतात आणि तुकडे जिथल्या तिथे थिजतात. त्या थंडीत हलायची सोय नसते. शेजारी शेजारी बसून राहतात, पण एकमेकांना लागत नाहीत. ऊब मिळाली की सरकतात, आणि जो हाताला लागेल त्याला धरून काहीतरी नवीनच होऊन बसतात.

"आणि एकदम जास्त ऊब दिली तर?"

"फुटतं सगळं. कोंडलेलं एकदम भडकतं आणि बर्फ चकतीवरून उडून जातो."

यावर त्यांनी चहा मागितला.

पुढचा बर्फ सोमवारी गोठवते.

ताई


१८ मार्च

टिकले,

तीन झाले. तीनही वेळा काही नाही. लेखात तू लिहिलंस तेच सगळं केलं, तेवढीच वाफ, तेवढाच मारा, आणि मग "एकसारख्या संथ गतीने" तापवणं. तीनही वेळा मी हंड्याजवळून हलले नाही. आणि तीनही वेळा मला आनंद झाला. हो, झाला. घरी जाताना बसमध्ये मी चक्क गुणगुणत होते, शेजारची बाई सरकून बसली.

तू लिहितेस, "तुझ्या मनात राग आहे म्हणून तुला दिसत नसेल." वा गं वा! नाचता येईना अंगण वाकडं. रेणूंचं वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला माझ्या मनातलं काय कळतं? त्याच्याकडे जे येतं ते तो मोजतो. रागाचा रेणू अजून कोणी पकडलेला नाही, नाहीतर आपल्या घरचा कधीच पकडला असता.

राग आहेच. आता विषय काढलास तर ऐक.

तो बर्फ माझा होता. मी गोठवला, सहा दिवस मी झोत सांभाळला. या तळघराचा नियम तुला मीच शिकवला होता, ज्याने गोठवलं त्यानेच तापवायचं, मध्ये हात बदलायचा नाही. तापवायला नुकती सुरुवात केली आणि दवाखान्यातून फोन आला की आईचं काही खरं नाही, दोघी या. तू मला ढकलत दारापर्यंत नेलंस. "तू हो पुढे, मी बंद करून आलेच मागोमाग." आलेच मागोमाग! मी कोट न घेता धावले. दुपार होती. खाटेशेजारी मी आणि बाबा. बाबांना बसवेना, ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आईने विचारलं, "टिकली कुठाय?" पुन्हा विचारलं. मी दर वेळी दाराकडे बघायची.

दिवेलागणीला ती गेली. तू उगवलीस ती सगळं आटोपल्यावर, आणि तुझ्या हातात तो कागद होता, सुळक्याचा. हातात, टिकले! घरी ठेवून यायचंही तुला सुचलं नाही. मी तेव्हा काय बोलले ते मला आठवतं, आणि त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

तू बंद करून येणार होतीस. त्याऐवजी तू माझा बर्फ तापवत बसलीस, आई मरत असताना. आणि निदान जे मिळालं ते तरी खरं असेल असं मी धरून चालले होते. तेही नाही. म्हणजे आई नाही ती नाही, आणि रेणूही नाही. तुझी करणी सगळी वाया.

आणखी एकदा करते. चार म्हणजे समितीचं तोंड बंद. मग "दिसला नाही" असं लिहून सही करते.

ताई


२ एप्रिल

टिकले,

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

काल चौथा बर्फ तापवत होते. गाडी निवांत चालली होती, आकडा, थंडीच्या त्या तळापासून मोजलेला, नुकताच सत्तरावर आला होता, इतक्यात खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीचा फोन. "ताई, लवकर या, तुमचे बाबा न्हाणीघरात अडकलेत. कडी सरकत नाहीये आणि ते आतून मलाच शिव्या देतायत."

काय करणार? नियम म्हणजे नियम, पण बाप म्हणजे बाप. हात बदलायला तिथे कोणी नव्हतं, त्या दोघी जेवायला गेलेल्या. हंडा बंद करायचा तर पुन्हा सहा दिवस. मी हीटरला सांगितलं, सत्तरावरच थांब, वर जाऊ नकोस, खाली येऊ नकोस, आणि निघाले. ऊब तोडली नाही, वाढवलीही नाही. आजवर मी असं कधी केलं नव्हतं.

घरी ही तोबा गर्दी. सुतार आला होता. तो म्हणे कडी आतून वाकलीय, दार फोडावं लागेल. बाबा आतून ओरडतायत, "दाराला हात लावशील तर याद राख, सागवानी आहे!" कसलं सागवानी, प्लायवूड आहे ते. मी दाराला तोंड लावून ओरडले, "बाबा, लागलंय का कुठे?" आतून उत्तर, "भूक लागलीय!" शेवटी दार फुटलं. बाबा बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते, खांद्यावर पंचा, न्यायाधीशासारखे. त्यांना बाहेर काढलं, जेवू घातलं, लाकडाच्या ढलप्या गोळा केल्या, शिंपिणीची माफी मागितली. दाराला आता कडी नाही, नुसतं लोटून घ्यायचं. त्यामुळे आत कोणी आहे हे कळावं म्हणून बाबा आतमध्ये मोठ्याने गातात. त्यांना वाटतं ते सुरात गातात.

मी परतले तेव्हा आकडा सत्तरावरच होता. वाटलं, वाया गेला हा. तरी सुरू केलंय तर संपवू म्हणून पुढे तापवलं.

आणि सुळका आला.

तुझाच. त्याच जागी, तोच आकार, थोडासा डावीकडे झुकलेला. मी स्टुलावरून उठले आणि परत बसले. माझी पहिली शिवी तुला होती, हे कबूल करते. सगळं मनासारखं चाललं होतं गं. आणखी तीन तास बाबा धड राहिले असते तर मी सही करून मोकळी झाले असते.

साहेबांना काही सांगितलेलं नाही. तुलाही एवढंच सांगतेय. एकदा दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची चूक या घरात आधीच एकीने केलीय.

ताई


१२ मे

टिकले,

तपासून पाहिलं. पन्नासावर थांबवलं, काही नाही. नव्वदावर थांबवलं, काही नाही. न थांबता नेलं, काही नाही. सत्तरावर थोडंसं थांबवलं तर सुळका जेमतेम डोकं वर काढतो. सत्तरावर चांगला दोन-अडीच तास थांबवला, की पुरा येतो, तू छापलास तेवढाच. सगळ्यात शेवटी भारी कार्बनचं, म्हणजे वजनाने खूण केलेलं, मिथेनॉल वापरून तेच केलं. सुळका तेवढ्याच वजनाने पुढे सरकला. म्हणजे तो हाताच्या मळाचा नाही, पंपाच्या तेलाचा नाही, बर्फातच जन्मलेला आहे.

अभिनंदन. रेणू खरा आहे. हे लिहिताना माझे दात आवळलेले आहेत.

कारण तर आता शेंबड्या पोरालाही कळेल. सत्तराच्या आसपास ते तुटके तुकडे हलायला लागतात, पण जेमतेम. न थांबता तापवलं की हाताला लागेल त्याला धरून मोकळे होतात. तिथेच थांबू दिलं तर त्यांना लांबच्या जोडीदारापर्यंत सरकायला वेळ मिळतो, आणि तुझा रेणू जुळतो.

म्हणजे तुझ्या त्या दिवसाच्या बर्फालाही तो वेळ मिळाला होता. आणि तुझ्या लेखात काय लिहिलंय? "एकसारख्या संथ गतीने." खोटं. साफ खोटं. त्या खोट्यापायी तीन ठिकाणच्या माणसांनी महिनेच्या महिने घालवले, आणि मी तीन बर्फ.

रात्रभर याच विचारात होते. तू आळशी नाहीस. तापवणं सुरू झालं की तुला तहानसुद्धा लागत नाही, मीच तुझ्या तोंडाशी पेला धरलाय. तू उगीच थांबवणार नाहीस. हीटर बिघडला असता तर तू तसं लिहिलं असतंस, त्यात लाज कसली? तू थांबवलंस आणि लपवलंस, म्हणजे जे झालं ते तुला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.

तू उठली होतीस. माझा बर्फ सत्तरावर ठेवून तू दाराबाहेर गेली होतीस. दवाखान्यात जाऊन यायला जेमतेम तास लागतो. मग बाकीचा वेळ कुठे होतीस?

माझ्यापुढे दोन कागद आहेत. एकावर लिहिलंय, लेखात दिल्याप्रमाणे केल्यास रेणू दिसत नाही. ते अक्षरन् अक्षर खरं आहे, आणि त्याने तू संपतेस. दुसऱ्यावर लिहिलंय, सत्तरावर थांबवल्यास दिसतो. त्यानेही तू खोटी ठरतेसच. कोणता पाठवायचा ते तुझ्या उत्तरावर. मला रेणूचं काही पडलेलं नाही. तू कुठे होतीस ते सांग.

ताई


२२ मे

टिकले,

तुझं पत्र न्हाणीघरात जाऊन वाचलं. कडी नाही म्हणून पाय दाराला लावून बसले. बाबा बाहेरून म्हणाले, "गात नाहीयेस, मग मी आत येऊ का?"

तर तू आली होतीस. तू लिहितेस:

"जिना चढून वर आले. दार अर्धं उघडं होतं. आई म्हणाली, टिकले, आलीस? आणि तू म्हणालीस, हो गं, आले. आईने डोळे मिटले आणि तुझा हात घट्ट धरला. आत माझी जागा भरलेली होती. मी जिन्यात बसून राहिले. मग कुठे जाऊ कळेना, म्हणून परत हंड्याकडे गेले."

भरलेली होती म्हणे! रिकामी कोणी सोडली होती? सारखी विचारत होती गं ती. टिकली कुठाय, टिकली कुठाय. मी काय सांगायला हवं होतं? ती माझा बर्फ तापवतेय, म्हणून? तिची नजर गेली होती, माझा हात हाती लागला आणि तिला वाटलं तूच. मी हो म्हटलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन.

आणि मला काय झालं असेल, हे तुझ्या मनाला शिवलं का? आई शाळेत शिकवून दमून यायची तेव्हा तुला भरवायची मी. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझ्या शाळेत पालक म्हणून मी जायची, माझ्या आणि तुझ्या वयात सहाच वर्षांचं अंतर असताना. दवाखान्यात महिनाभर उशाशी मी होते. आणि शेवटचा हात धरला तो तुझा म्हणून. आईला शेवटी मी दिसलेच नाही. तू निदान जिन्यात तू म्हणूनच होतीस. मी तिथे असून नव्हते.

एक पाऊल, टिकले. दार अर्धं उघडं होतं. एक पाऊल आत टाकलं असतंस तर तिच्या एका हातात तू आणि दुसऱ्यात मी. दोन हात होते बाईला! पण नाही. तुला वाटलं जागा भरली, मला वाटलं तू आलीच नाहीस, आणि तीन वर्षं दोघी आपापल्या जागी थिजून बसलो.

मी काय काय बोलले तुला त्या संध्याकाळी. तू एकदा तरी म्हणायचंस, "ताई, मी आले होते." तेवढं बोलायला काय जात होतं? माझ्या शिव्या गिळल्यास आणि लेखात खोटं लिहिलंस, पण जिन्यात बसले होते हे तोंडातून निघेना. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, तो याला म्हणतात. आणि हा पीळ कुठून आला ते मला विचारू नकोस, मी आरसा बघते रोज.

आता कामाचं. मी कोणताही कागद पाठवणार नाही. तू पाठव. तुझ्या हाताने लिही की तापवणं थांबवलं होतं, कुठे थांबवलं, किती वेळ. मग मी माझा जोडते. यंत्र यानावर जातं की राहतं ते समिती बघेल. नाही लिहिलंस, तर महिना संपताना पहिला कागद जाईल. दया वगैरे माझ्याकडे शिल्लक नाही.

ताई


९ जून

टिकले,

साहेबांनी तुझी दुरुस्ती दाखवली. तीन वाक्यं. "मूळ बर्फ माझ्या बहिणीने गोठवला होता. तापवणं सत्तर अंशांवर सुमारे अडीच तास थांबवलं होतं. कारण वैयक्तिक."

कारण वैयक्तिक. दोन शब्दांत आईला आटोपलंस. शाब्बास.

पण लिहिलंस. मी माझा कागद त्याच दिवशी जोडला. समितीचा निर्णय तुला माझ्या आधी कळला असेलच. यंत्र यानावर जाणार, पण तू त्याची प्रमुख नाही. पायरी लपवणाऱ्या माणसाच्या हाती यान देत नाहीत, म्हणाले. दुसरा कोणीतरी येईल आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसेल. मला बरं वाटेल असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तसं काही वाटलं नाही. मी साहेबांना म्हटलं, "रेणू तिचा आहे, निदान यंत्रावर नाव तरी राहू द्या." त्यांनी खांदे उडवले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण त्या दोघींपैकी कोणीतरी सांगेलच, तळघरात काही लपत नाही.

बाबांना सगळं सांगितलं, उजव्या कानात. जिन्याचंही. शेजारपाजाऱ्यांनीही ऐकलं असेल. ते म्हणाले, "मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो, मला का नाही दिसली?" मग म्हणाले, "मला तेव्हा काहीच दिसत नव्हतं." आणि रडले. मीही रडले. इतकं पुरे.

एक राहिलंय. तू दारात ऐकलंस ते अर्धंच. "हो गं, आले" ऐकून तू वळलीस, आणि आई पुढे बोलली. तुला समजून माझ्याशी बोलली. जे बोलली ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, तुला तर नाहीच. रागाने नाही सांगितलं म्हणून स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे लाज वाटत होती. पण शब्द तुझे आहेत, माझ्याकडे चुकून आले. ते जसेच्या तसे लिहिते.

"टिकले, ताई कडू झालीय गं. माझ्यामुळे झाली. लहान होती आणि मी तिला तुझी आई करून टाकलं. ती तुला टाकून बोलेल, हाकलून देईल. तू तिला सोडू नकोस."

मग पाणी मागितलं. ते मात्र मी माझ्या हाताने दिलं.

आता हे वाचून धावत येऊ नकोस आणि मोठं पत्रही लिहू नकोस. मी काही मागत नाहीये. निरोप तुझा होता, तुला पोचता केला, माझं ओझं उतरलं. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ.

आणि आलीसच, तर न्हाणीघराची कडी अजून बसवलेली नाही. आत गेलीस की मोठ्याने गात राहा, म्हणजे तू आत आहेस हे आम्हाला कळेल.

ताई